भरला भोपळा, तिखटमिठाचा: थँक्सगिव्हिंगच्या जेवणाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आधी काम काय आहे ते. २८ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे इथल्या अमेरिकन सणाचं, जेवण आमच्याकडे. दहा माणसं. टर्की शेजारचे त्यांच्या घरी भाजून आणणार आहेत, त्यामुळे ओव्हन पूर्ण माझा. चौघं शाकाहारी, त्यातली एक दूध-तूपही न खाणारी, आणि एकाला गहू चालत नाही. या मंडळींच्या ताटात एरवी बटाट्याचा लगदा आणि उकडलेल्या शेंगा पडतात. मधोमध ठेवून सगळ्यांसमोर कापायचा मान टर्कीचा. यंदा टेबलावर दुसरंही काहीतरी कापलं जाईल: अख्खा भरलेला भोपळा. गोड नाही. मुख्य जेवण म्हणून पोट भरेल असा.

सकाळी सेंट पॉलच्या लोअरटाउनमधल्या शेतकरी बाजारात. इथले बरेचसे भाजीवाले ह्मोंग आहेत. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून आलेली ही कुटुंबं आता मिनेसोटाच्या भाजीबाजाराचा कणा आहेत. उन्हाळ्यात कारली, मिरच्या आणि भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे यांच्याकडेच मिळतात. ऑक्टोबरात त्यांची टेबलं भोपळ्यांनी भरतात आणि तिथेच खरी निवड करायची असते.

भरण्याच्या दृष्टीने पाहणी अशी. एकॉर्न: छोटा, खाचांचा, अर्धा कापला की आयती वाटी. १९१३ मध्ये आयोवाच्या एका बियाणे कंपनीने ‘टेबल क्वीन’ या नावाने तो बाजारात आणला, तेव्हापासून एका माणसाला अर्धा हा हिशेब रूढ आहे. डेलिकाटा: लांबट, पट्ट्यापट्ट्यांचा, साल खाता येते, पण भिंत पातळ. बटरनटची मान भरीव असते, पोकळी फक्त बुडाशी मूठभर. सूपाला उत्तम, भरायला निरुपयोगी. स्पॅगेटी भोपळ्याचा विचारच नको. हबर्ड एवढा मोठा की माझ्या ओव्हनचं दार लागणार नाही.

उरला बटरकप. गडद हिरवा, बसका, बुडाशी फिकट बटणासारखा उंचवटा. नॉर्थ डकोटाच्या कृषी महाविद्यालयात अल्बर्ट येगर यांनी १९३०च्या आसपास तो उत्तरेकडच्या आखूड उन्हाळ्यासाठी तयार केला. गर कोरडा आणि घट्ट, जवळपास रताळ्यासारखा. वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकॉर्न आणि बटरकप वेगळ्या जातींचे: पहिला कुकुर्बिटा पेपो, दुसरा मॅक्सिमा. आपल्याकडचा लाल भोपळा बहुतेक करून तिसऱ्याच, मोस्काटा जातीचा, म्हणजे बटरनटचा भाऊबंद. हा फरक नुसता कागदावरचा नाही. एकॉर्न तोडल्या तोडल्या खायचा असतो, ठेवला तर दोरे धरतो. मॅक्सिमा जातीचे भोपळे महिनाभर पडू दिले की त्यांच्यातल्या पिठाची साखर होते आणि ते जास्त चांगले लागतात. म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या जेवणासाठी बटरकप आत्ताच घ्यायला हवा.

तीन घेतले, प्रत्येकी पावणेदोन-दोन किलोचे. देठ वाळून बुचासारखा झालेला, सालीत नख रुतत नाही, कुठे मऊ डाग नाही. भाजीवाल्या बाईंनी एकेक उचलून बुडाकडून दाबून दिला. बेसमेंटमध्ये वर्तमानपत्रावर, एकमेकांना न टेकता ठेवलेत. तिथे १२-१३ अंश सेल्सिअस असतं. फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, १० अंशांच्या खाली गर बिघडतो. चाचणीसाठी दोन एकॉर्न आणि एक छोटा बटरकप वेगळा.

शेजारच्या टेबलावर चामखिळींचे, दोनरंगी, शोभेचे भोपळे होते. मुलीला घरी न्यायचे होते. दारात ठेवायला नेले, स्वयंपाकघरात प्रवेश नाही. त्यांच्यात कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष असतं आणि शिजवून ते जात नाही. एरवीसुद्धा भोपळा कापला की कच्च्या गराचा कण जिभेवर ठेवून पाहावा; कडू लागला तर सरळ टाकून द्यावा. दुधीबाबत आई हेच करते.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा, आज एकॉर्न.

कापण्याबद्दल: कच्चा एकॉर्न म्हणजे दगड. सुरी खाचेत धरून उभा कापायचा, उंचवट्यावर सुरी घसरते. सालीला चार टोचे मारून मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवला तर साल नमते. देठावरून कापायला जाऊ नये, देठाच्या बाजूने कापावा आणि शेवटी हाताने फाकवावा.

४०० अंश फॅरनहाइट (साधारण २०० सेल्सिअस), तेल-मीठ लावून पालथे, ३५ मिनिटं. गर शिजला, कडेने तांबूसही झाला, पण वाटीत पाणी सुटलं. चव फिकी. आता कळतं की इथल्या बहुतेक पाककृतींत एकॉर्नमध्ये मेपल सिरप, ब्राउन शुगर आणि वरून गोड सुकी क्रॅनबेरी का घालतात. फिक्याला गोड करणं सोपं.

आईला अमरावतीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, “कोहळं आधीच गोड, त्याच्यात साखर काहून टाकतात गं ते लोक?” मग लगेच, “मेथीदाणे टाकले का?”

नव्हते. पण प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे पंगतीत कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी सालासकट करतात, आणि फोडणीत मेथीदाणे असतातच. गोडाला कडवट किनार मिळाली की भाजी पोळीबरोबर तीन वेळा घेता येते. ती किनार नसेल तर दुसऱ्या घासालाच तोंड मिटतं. भरल्या भोपळ्याचा सगळा प्रश्न हाच आहे असं मला वाटायला लागलंय: भांडं गोड, म्हणून आतलं सारण त्याच्याशी भांडणारं हवं. आंबट, कडवट, तिखट, खमंग. या चारांपैकी गोडाचा मित्र कोणीच नको.

एकॉर्न यादीतून बाद. अर्ध्या वाट्या ताटात सुटसुटीत दिसतात, पण कापण्याचा सोहळा होत नाही, आणि मला सोहळा हवाय.

२० ऑक्टोबर, रविवार

सारणाचा पाया: वाइल्ड राइस. पावाचं सारण गव्हामुळे बाद, बासमती भोपळ्याच्या ओलाव्यात गिचका होतो. वाइल्ड राइस हा तांदूळच नव्हे, झिझानिया नावाच्या पाणगवताचं बी आहे. मिनेसोटाच्या उथळ तळ्यांमध्ये ते आपोआप उगवतं आणि १९७७ पासून ते राज्याचं अधिकृत धान्य आहे.

ओजिब्वे हे मूळ अमेरिकन लोक त्याला मनूमिन म्हणतात. त्यांच्या परंपरेत अशी भविष्यवाणी आहे की पश्चिमेकडे चालत राहा, जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा. ते इथे थांबले. ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात दोघं जण कनूमधून (अरुंद होडीतून) निघतात. एक उभं राहून लांब काठीने कनू ढकलतो, दुसरा बसून एका हलक्या दांड्याने ताटं कनूवर वाकवतो आणि दुसऱ्या दांड्याने अलगद झटकतो. पिकलेले दाणे कनूत पडतात, बरेच पाण्यात पडतात आणि तेच पुढच्या वर्षाचं बियाणं. यंत्राने तळ्यातलं पीक काढायला कायद्याने बंदी आहे. मग दाणे भाजायचे, तुडवून टरफल सोडवायचं, पाखडायचं. पाखडणं बघितलं तर आजीच आठवेल कुणालाही.

दुकानात मात्र मुख्यतः शेतात लावलेला वाइल्ड राइस मिळतो. बांध घालून, पाणी भरून, कंबाइनने काढलेला. कॅलिफोर्नियातही तो खूप पिकतो. मिनेसोटात तो लागवडीचा आहे हे पाकिटावर छापणं बंधनकारक आहे, म्हणून घेताना पाकीट उलटून बघावं.

दोन्ही शिजवून पाहिले. शेतातला काळा कुळकुळीत, चकचकीत; ५५ मिनिटं लागली आणि तरी मध्ये टणक. तळ्यातला, लाकडावर भाजलेला, करडा-तपकिरी आणि एकाच पाकिटात तीन छटा. २२ मिनिटांत दाणे फुटून कडा वळल्या. धुराचा वास, किंचित चहासारखा. किमतीत मोठा फरक आहे आणि तो योग्य आहे. भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात मोकळा शिजवून गाळायचा. पाण्याचं प्रमाण मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक तळ्याचा तांदूळ वेगळा वागतो. एक कप कच्च्याचा साडेतीन कप झाला.

मिनियापोलिसला सेंट अँथनी धबधब्यापाशी शेफ शॉन शर्मन यांचं ओवामनी हे रेस्टॉरंट आहे, २०२१ मध्ये सुरू झालेलं. तिथे गव्हाचं पीठ, दूध, ऊसाची साखर असं युरोपीय लोकांबरोबर आलेलं काहीच वापरत नाहीत. माझ्या पाहुण्यांच्या अडचणींची यादी आणि त्यांची वर्ज्य यादी जवळजवळ एकच आहे. भोपळा, घेवडा, वाइल्ड राइस, क्रॅनबेरी हे सगळं उत्तर-दक्षिण अमेरिकेतलंच. मिरचीही. मेथी आणि हिंग तेवढे माझ्या बाजूचे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

छोट्या बटरकपची चाचणी, रिकामाच भाजला. देठाभोवती सुरी तिरकी, आत झुकवून फिरवली. झाकण शंकूसारखं निघतं आणि परत ठेवल्यावर आत पडत नाही. बिया आणि दोरे चमच्याने नीट खरवडले. दोरे राहिले तर खाताना तोंडात येतात, इथे आळस नको.

आतून मीठ, मिरपूड, तेल. हे मीठ महत्त्वाचं. सारण कितीही चविष्ट असलं तरी भोपळ्याच्या भिंतीपर्यंत त्याची चव पोचत नाही, दोन सेंटिमीटर जाड गराला स्वतःचं मीठ लागतं.

४०० अंशांवर पालथा ४५ मिनिटं. सुरी गेली पण थोडा अडसर जाणवला, तिथेच थांबायचं. पाणी? ट्रेवर जेमतेम दोन चमचे. गर पिठूळ, कोरडा, दाट. भिंत उभी राहिली. साल मऊ झाली आणि खाल्लीही गेली. निवड पक्की.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. फराळ चालू आहे, भोपळ्याला सुट्टी. बेसमेंटमध्ये जाऊन तिघांची तब्येत बघितली, ठणठणीत.

९ नोव्हेंबर, शनिवार

सारणाचा दिवस. छोट्या छोट्या कढयांमध्ये वेगवेगळी मिश्रणं करून, भाजलेल्या भोपळ्याच्या फोडीवर एकेक चमचा ठेवून चाखली. सारण नुसतं चाखण्यात अर्थ नाही, ते भोपळ्याबरोबरच चाखायचं.

भरल्या वांग्याचा मसाला (गोडा मसाला, दाण्याचं कूट, खोबरं, चिंच-गूळ): वांग्यात जो मसाला राजा, तो इथे अगदीच लोळला. गूळ काढून टाकला तरी गोडा मसाल्यातल्या दालचिनी-लवंगांमुळे पंपकिन पाय या गोड पदार्थाचा भास होतो. नवऱ्याला आवडलं. त्याला काहीही आवडतं.

सेज (एक सुगंधी पाला) आणि लोणी, इथली नेहमीची जोडी: छान, पण लोणी चालणार नाही. तेलात तळलेली सेजची पानं मात्र कुरकुरीत आणि किंचित कडू, म्हणजे माझ्या बाजूची. ठेवली.

मेथीदाणे: तेल तापवून पाऊण चमचा दाणे, तांबूस होईपर्यंत. काळे पडले की कडवटपणा जिभेला चिकटून बसतो आणि सगळं सारण जातं. त्यावर सुक्या लाल मिरच्या, लसूण, मग कांदा. हा घास तोंडात गेल्यावर आई जिंकली हे मान्य करून टाकलं.

आंबटपणासाठी ताजी क्रॅनबेरी. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये अमेरिकेतली निम्म्याहून जास्त क्रॅनबेरी पिकते आणि नोव्हेंबरात पिशव्याच्या पिशव्या येतात. ताजी क्रॅनबेरी अतिशय आंबट आणि तुरट असते. सुकी म्हणून मिळते तिच्यात साखर घातलेली असते, तिला इथे काम नाही. जाडसर चिरून कांद्याबरोबर दोन-तीन मिनिटं परतली की आमसुलाच्या जवळ जाते. रंगही लागतो.

मश्रूम आधी कोरड्या कढईत, चिमूटभर मीठ घालून, सुटलेलं पाणी आटून कढई पुन्हा चुरचुरेपर्यंत. मगच तेल. हे केलं नाही तर ते पाणी भोपळ्याच्या पोटात सुटतं.

हिंगाची एक भानगड. आपल्याकडचा डबीतला हिंग म्हणजे बांधणीचा हिंग, आणि त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं. गहू न चालणाऱ्या पाहुण्यासाठी हे चालणार नाही. भारतीय दुकानात तांदळाच्या पिठातला हिंग मिळाला, डबीवरचा घटकांचा मजकूर वाचून घेतला. ज्यांच्या घरी असा पाहुणा येणार असेल त्यांनी आपल्या फोडणीच्या डब्याकडे एकदा बघावं.

दोन बटरकपसाठी ठरलेलं सारण: वाइल्ड राइस १ कप (कच्चा), मश्रूम ४५० ग्रॅम, मोठे कांदे ३, ताजी क्रॅनबेरी १ कप, शिजवलेला पांढरा घेवडा दीड कप, भाजलेले अक्रोड अर्धा कप, मेथीदाणे पाऊण चमचा, सुक्या मिरच्या ४, लसूण ६ पाकळ्या, सेजची दहा-बारा पानं, मिरपूड, मीठ, हिंग. एका भोपळ्यात साधारण ३ कप मावतं. थोडं उरतं, उरू दे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

वेळेचं गणित. सारण थंड भरलं तर मध्यापर्यंत उष्णता पोचायला फार वेळ लागतो, तोवर बाहेरची भिंत ढासळते. सारण गरम, भोपळा गरम, तेव्हाच दोघांची गाठ. टर्कीच्या पोटातल्या सारणासाठी इथे १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) हा नियम आहे, तोच लावायचा. थर्मामीटर झाकणाच्या बाजूने थेट मध्यात. शिजवलेला भात रात्री ठेवायचा तर पसरट ट्रेमध्ये पटकन गार करून फ्रिजमध्ये, पातेल्यात तसाच बाहेर नाही.

जेवण चारला. मागे मोजत आलं की: १२.४५ ला रिकामे भोपळे ओव्हनमध्ये पालथे. ते मोठे असल्याने ५५ मिनिटं. १.४५ ला भरणं. २ ते २.४५ दुसरा टप्पा, ३५० अंशांवर. मग अर्धा तास नुसतं राहू द्यायचं, नाहीतर कापताना फोडी मोडतात. पाऊण तास हातचा ठेवलाय, कारण लोक ओव्हनचं दार उघडून “अरे वा” म्हणतात.

ताटात कोरडं वाटेल म्हणून सोबत मश्रूमचा रस्सा: देठं आणि सुकी मश्रूम उकळून, गाळून, तांदळाच्या पिठाने दाटवून. वरून मिरपूड भरपूर.

२७ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी: वाइल्ड राइस शिजवला, ट्रेमध्ये गार केला. घेवडा शिजवला. अक्रोड भाजले. रस्सा तयार. भोपळ्यांची झाकणं कापून, आत साफ करून, झाकून फ्रिजमध्ये. कापल्यावर एक रात्र फ्रिज चालतो. कच्चा गर चाखला, दोन्ही गोड. ऑक्टोबरातल्या छोट्या भोपळ्यापेक्षा स्पष्ट जास्त गोड. बेसमेंटने काम केलंय, आणि म्हणून क्रॅनबेरी अर्धा कप वाढवली.

हातमोजे घातले. या गराचा चीक वाळला की तळहाताची कातडी ताणल्यासारखी होते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

१२.५०: भोपळे आत.

१.४५: एक तयार, दुसऱ्याची भिंत जाड, त्याला आणखी दहा मिनिटं. दोन भोपळे एका वेळी तयार होतील असं गृहीत धरणारी पाककृती कुणीतरी एकच भोपळा शिजवून लिहिलेली असते.

२.००: फोडणी, सारण एकत्र, चटका बसेल इतकं गरम. भरताना दाबायचं नाही, वाइल्ड राइसला श्वास हवा. झाकणं बसवली, बाहेरून तेलाचा हात.

२.५०: मध्यात १७१. बाहेर काढले.

४.१५: टर्की आणि बटरकप शेजारी शेजारी. टर्की शेजारच्या काकांनी कापली, भोपळा मी. देठापासून खालपर्यंत आठ फोडी. पहिली फोड काढताना सारण थोडं सांडलं, पुढच्या अख्ख्या आल्या. हिरवी साल, केशरी गर, आत काळं-तांबडं सारण. दूध न खाणाऱ्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, “हे कडवट छान काय आहे?” मेथीदाणे दाखवले. तिने वास घेऊन सांगितलं की याला मेपल सिरपचा वास येतो. खरंच येतो, मेथीतलं सोटोलोन हे द्रव्य नकली मेपल सिरपलाही वास देतं. म्हणजे सिरप दारातून हाकललं आणि त्याचा वास फोडणीतून आत आला. आईला हे सांगायला हवं, तिला काडीचाही फरक पडणार नाही.

टर्की खाणाऱ्यांनी भोपळाही घेतला आणि त्यामुळे दुसरा भोपळा अंदाजापेक्षा आधी संपला. शाकाहारी चौघांसाठी दोन पुरतील हा हिशेब चुकीच्या लोकांना मोजत होता. पुढच्या वेळी दहा माणसांना तीन.

रस्सा सगळा संपला. तो दुप्पट हवा.

३० नोव्हेंबर, शनिवार

उरलेलं कपभर सारण ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठं लावली. अक्रोडांमुळे थापताना कडा फाटतात, जाडसर ठेवली की जमतं. दह्याबरोबर.

बिया धुऊन वाळवल्या, मीठ-तिखट लावून भाजल्या. काही पेरायला ठेवाव्यात असं मुलीचं म्हणणं. पण शेतात बटरकपशेजारी हबर्ड किंवा कबोचा असेल तर मधमाश्यांनी परागांची सरमिसळ केलेली असते, आणि या बियांतून काय निघेल ते सांगता येत नाही. तरी चार बिया पाकिटात घालून तिने वर ‘काहीतरी भोपळा’ असं लिहिलंय.

तिसरा बटरकप बेसमेंटमध्ये आहे, जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत टिकावा. त्याची सालासकट भाजी.